वार्निश फवारायला जागा शोधताना आधी हवेचा हिशोब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लॅटमध्ये राहता, अंगण किंवा गॅरेज नाही. मॅट कॉटन पेपरवर आणि कॅनव्हासवर काढलेले इंकजेट प्रिंट काचेविना टांगायचे आहेत, म्हणून त्यांच्यावर स्प्रे कॅनमधलं वार्निश मारायचं आहे. बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन लावून मारून पाहिलंत, तर डोकं चढलं, वास घरभर पसरला आणि ओल्या थरावर धुळीचे कण बसले ते वेगळंच. आता चांगला मास्क आणून बाथरूममध्येच काम चालू ठेवावं, की दुसरी जागा शोधावी?

दुसरी जागा शोधा. मास्क लागेलच, पण बाथरूम सुरक्षित करणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

या कामातली खरी अडचण चौरस फुटांची नाही. ओल्या प्रिंटला स्थिर हवा लागते, म्हणजे धूळ उडत नाही आणि फवारा वाकडा जात नाही. तुमच्या फुप्फुसांना मात्र वाहती हवा लागते, म्हणजे बाष्प साचत नाही. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. बाथरूम, कोठीची खोली, बंद गॅरेज या जागा प्रिंटच्या सोयीच्या म्हणून आपल्याला सुचतात आणि नेमक्या त्याच माणसाला घातक असतात. म्हणून एखादी जागा पाहिली की मी आधी दोनच गोष्टी विचारतो: इथे ताजी हवा येणार कुठून, आणि घाण हवा जाणार कुठे? दोन्हींची उत्तरं बोटाने दाखवता आली नाहीत, तर ती जागा बाद.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या: वार्निश हवंच आहे का? प्रिंट काचेमागे किंवा अॅक्रिलिकमागे जाणार असेल तर बहुतेक वेळा नको. काचेविना राहणाऱ्या कॅनव्हासला मात्र ते हवंच, कारण त्याच्यावर हात लागतात, ओलं फडकं फिरतं आणि गुंडाळताना किंवा फ्रेमवर ताणताना काठाची शाई तडकते. मॅट कॉटन पेपरची शाई पृष्ठभागावर उघडी असते आणि गडद भाग नखाने सुद्धा ओरखडतात, म्हणून तिथेही उपयोग होतो. चकचकीत आरसी पेपरवर (प्लास्टिकचा लेप असलेल्या फोटो कागदावर) फायदा कमी आणि डाग पडायची भीती जास्त. रासायनिक पद्धतीने डार्करूममध्ये केलेल्या जुन्या कृष्णधवल प्रिंटवर मी काहीही फवारत नाही. ते नंतर काढायचं कसं, हा प्रश्न पुढच्या माणसावर ढकलल्यासारखं होतं. त्यांना माउंट आणि काच हेच बरं. प्रिंटर पिगमेंट शाईचा (रंगाचे न विरघळणारे बारीक कण असलेल्या) आहे की डाय शाईचा (रंग विरघळलेल्या), यावरही बरंच ठरतं. तो मुद्दा पुढे पाण्याच्या वार्निशाच्या वेळी येईल.

आता बाथरूमबद्दल. याचा हिशोब सविस्तर मांडतो, कारण ‘थोडंसंच तर मारायचं आहे’ या वाक्यावरच बहुतेक जण फसतात.

सॉल्व्हंटच्या स्प्रे कॅनमध्ये राळ, म्हणजे शेवटी प्रिंटवर उरणारा पदार्थ, थोडाच असतो. बाकी सगळं उडून जाण्यासाठीच भरलेलं असतं: प्रोपेन, ब्युटेन किंवा डायमिथाइल ईथर यांसारखे दाब देणारे वायू आणि अॅसिटोन, टोल्युइन, झायलिन किंवा एस्टर यांच्यापैकी काही सॉल्व्हंट. तुमच्या कॅनमध्ये नेमकं काय आहे ते उत्पादकाच्या सुरक्षा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कॅन उघडू नका.

समजा, तीन-चार मध्यम प्रिंटवर दोन-दोन हात मारताना 100 ग्रॅम द्रव उडून गेला. या पदार्थांचं सरासरी रेणूभार 60 च्या आसपास धरला तर त्याचं जवळपास 40 लिटर बाष्प होतं. बाथरूम 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच असेल तर त्यात 7,200 लिटर हवा असते. म्हणजे बाष्पाचं प्रमाण साडेपाच हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत तितके भाग), किंवा 0.55 टक्क्याच्या, घरात गेलं. तुलनेसाठी कामगारांच्या आरोग्याच्या मर्यादा पाहा. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने आठ तासांच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा अॅसिटोनसाठी 250 पीपीएम आणि टोल्युइनसाठी 20 पीपीएम आहे. तुमचं काम आठ तास चालत नाही, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून थेट गुणाकार करणं बरोबर नाही. पण फरक किती मोठा आहे ते दिसतंच. डोकं चढलं ते उगीच नाही.

यात मास्क किती मदत करेल? नाक-तोंड झाकणारा, कार्ट्रिजचा (हवा गाळणाऱ्या डब्या लावलेला) अर्धमुखी मास्क चेहऱ्यावर नीट बसला तर बाहेरच्या प्रदूषणाचा दहावा भाग आत येतो असं धरून चालतात. साडेपाच हजाराचा दहावा भाग साडेपाचशे. म्हणजे मास्क लावूनही तुम्ही वरच्या मर्यादांच्या वरच आहात, आणि हे मास्क अगदी नीट बसला तर. शिवाय हवा धुरकट झाल्यावर डोळे उघडेच राहतात.

आणि मास्क आग थांबवत नाही. हवेत पेट घ्यायला ब्युटेनचं प्रमाण किमान 1.8 टक्के लागतं, प्रोपेनचं 2.1, अॅसिटोनचं 2.5, तर टोल्युइनचं फक्त 1.1 टक्के. उद्योगांत या खालच्या मर्यादेच्या पाव भागापेक्षा पुढे जायचं नाही असा साधारण दंडक आहे. आपल्या बाथरूममधली सरासरीच, अॅसिटोन सोडलं तर बाकी तिघांच्या, त्या पाव भागाच्या पुढे गेली, आणि ही नुसती सरासरी आहे. ही सगळी बाष्पं हवेपेक्षा जड असतात, ब्युटेन आणि अॅसिटोन साधारण दुप्पट, टोल्युइन तिपटीहून थोडं जास्त. ती खाली बसतात, दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत जमिनीलगत सरकतात. फवाऱ्याच्या समोर आणि फरशीजवळ प्रमाण सरासरीच्या कितीतरी वर असतं. तिथे गॅस गीझरची ज्योत, दिव्याचं बटण किंवा पंख्याच्या मोटरमधली ठिणगी पुरते. दरवेळी काही होत नाही, म्हणूनच लोक निर्धास्त राहतात.

पण एक्झॉस्ट फॅन होता ना, असं तुम्ही म्हणाल. बाथरूमचा साधा फॅन तासाला साधारण 100 घनमीटर हवा ओढतो, तोही कागदावर. दार घट्ट लावलेलं असेल तर आत यायला हवाच नसते, मग फॅन नुसता गरगरतो. फवारणीच्या बूथमध्ये समोरच्या उघड्या तोंडातून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हवा आत ओढली जावी असा ढोबळ नियम आहे. तोंड एक मीटर बाय एक मीटर असेल तर तासाला 1,800 घनमीटर हवा झाली, म्हणजे बाथरूमच्या फॅनच्या अठरा पट. शिवाय त्या फॅनची मोटर बाष्पाच्या वाटेतच बसवलेली असते. सॉल्व्हंटच्या कामाला मोटर हवेच्या मार्गाबाहेर असलेला किंवा स्फोटरोधक बनावटीचा पंखाच लागतो. खिडकीत टेबल फॅन उलटा लावण्याचा जुगाड म्हणूनच मी कुणाला सुचवत नाही.

एक कमी बोलला जाणारा धोका: जोरदार पंख्याने बंद घरातली हवा बाहेर ओढली तर ती हवा कुठून तरी आत येणारच. गॅस गीझरच्या धुराड्यातून ती उलटी आली, तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला वास नसतो.

टेबलावर ठेवायचे छोटे हॉबी बूथ मिळतात, मागे नळी असलेले. एअरब्रशने पाण्याचे रंग मारायला ते ठीक आहेत. ज्वालाग्राही वायूच्या कॅनसाठी ते नाहीत, आणि मोठा प्रिंट त्यांत मावतही नाही. ‘कार्बन फिल्टर आहे, नळी बाहेर काढायची गरज नाही’ अशा प्रकारांकडे तर पाहूच नका. एवढ्याशा कार्बनचा जीव एका कॅनला सुद्धा पुरत नाही.

मग जायचं कुठे?

पहिला पर्याय उघडं आकाश: इमारतीची गच्ची, मोकळं मैदान, परवानगी मिळाली तर एखाद्याचं अंगण. बाल्कनी चालेल का, असं बरेच जण विचारतात. माझं मत नाही. भरीव कठडा असेल तर बाल्कनी वरून उघडी असली तरी खालून टाकीसारखी असते, जड बाष्प तिच्यात साचतं. जाळीचा कठडा असेल तर ते खालच्या मजल्यावर उतरतं आणि तिथे कोण सिगरेट ओढत उभं आहे हे तुम्हाला दिसत नाही. तळघर आणि तळमजल्याचं झाकलेलं पार्किंग याच कारणाने बाद. जिना तर नकोच, तो सगळ्यांच्या सुटकेचा मार्ग आहे.

गच्चीवर प्रिंटला आडोसा करून द्यावा लागतो. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचा मोठा खोका घ्या, एक बाजू पूर्ण कापून टाका आणि उघडं तोंड तुमच्याकडे ठेवा. खोक्याच्या आत आधी ओलसर फडकं फिरवून धूळ काढा. प्रिंट एका पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने कोपऱ्यांत धरून आत जवळपास उभा टेकवा. आडव्या प्रिंटवर धूळ जास्त बसते. उभ्यावर ओघळ यायची भीती असते, पण थर पातळ ठेवले तर येत नाहीत. प्लास्टिकचे पडदे लावून तंबू करू नका. प्लास्टिकवर स्थिर वीज जमते, ती धूळ ओढते आणि ठिणगीही देऊ शकते. शिवाय तंबूच्या आत शिरलात की पुन्हा बाथरूमच झालं. हात खोक्यात, डोकं बाहेर, हे कायम लक्षात ठेवा.

वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं असं बरेच जण सांगतात. प्रत्यक्षात ते तोट्याचं ठरतं. वारा पाठीमागून आला की तुमच्या शरीराच्या पुढे भोवरा तयार होतो आणि फवाऱ्याचं धुकं त्या भोवऱ्यात फिरून तोंडाशी येतं. वारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, तुम्हाला आडवा जाईल असे उभे राहा. टिश्यू पेपरची पट्टी हातात धरली तर ती जेमतेम हलावी इतपत झुळूक चांगली. पट्टी फडफडू लागली तर त्या दिवशी काम नको.

वेळ निवडताना दमटपणा बघा. सॉल्व्हंट झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्याच्यावर जमते आणि गडद भागांवर पांढरट झाक येते. सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की मी हात आखडता घेतो. म्हणून भल्या पहाटेची शांत हवा मोहात पाडत असली तरी ती बऱ्याचदा फार ओली असते. सकाळ थोडी चढल्यावर, पण वारा सुटायच्या आधी जो वेळ मिळतो तो बरा. पावसाळी दिवसांत थांबावं हेच खरं. थेट उन्हातही नको. थेंब प्रिंटपर्यंत पोहोचायच्या आधीच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. शिवाय कॅन तापतो, आणि बहुतेक कॅनवर 50 अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं. हवा गार असेल तर कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावा, ज्योतीवर किंवा हीटरजवळ कधीच नाही.

आजूबाजूला कुणाची गाडी, वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या उघड्या टाक्या आहेत का ते आधी पाहा. फवाऱ्याचं बारीक धुकं आपल्याला वाटतं त्याहून लांब जातं. लिफ्टची मशीनरूम आणि एसीची बाहेरची युनिट यांच्यापासून लांब राहा.

दुसरा पर्याय मला सगळ्यात जास्त आवडतो, पण लोकांना तो सुचत नाही: ज्यांच्याकडे खरा बूथ आहे त्यांच्याकडे जा. गाड्यांना रंग मारणारी वर्कशॉप, फर्निचरला पॉलिश-लॅकर करणारे कारागीर, साइनबोर्डवाले, कलाशाळा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तासभर बूथ भाड्याने द्या म्हटलं तर काही जण देतात. फर्निचरवाले मला जास्त भरवशाचे वाटतात, कारण गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये एक छुपा शत्रू असतो, तो म्हणजे सिलिकॉन. गाडी चमकवायच्या पॉलिशमध्ये ते असतं, हवेत उडतं, आणि त्याचा अंश जरी प्रिंटवर बसला तरी वार्निश त्या जागी फाकून गोल खळगे पडतात. रंगारी त्याला फिश-आय म्हणतात. असा प्रिंट सुधारत नाही, नवाच काढावा लागतो. म्हणून तिथे पहिल्यांदा जाताना चांगले प्रिंट नेऊ नका, नापास झालेले न्या. तुमच्या आधी बूथमध्ये दोन घटक मिसळायचं पॉलियुरेथेन मारलं असेल, तर बूथ पूर्ण मोकळा होईपर्यंत आत जाऊ नका. त्यात आयसोसायनेट असतात आणि त्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. असलं दोन घटकांचं लॅकर घरी, गच्चीवर, कुठेही स्वतः मारू नका. त्याला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो.

तिसरा पर्याय जागा बदलण्याऐवजी माल बदलण्याचा आहे, आणि तुमच्या कॅनव्हासपुरता तोच सगळ्यात शहाणपणाचा ठरेल. पाण्यावर आधारलेलं अॅक्रिलिक वार्निश फोमच्या रोलरने लावा. आगीचा धोका जवळपास संपतो आणि उघड्या खिडकीची खोली पुरते. ते दुधासारखं पांढरं दिसतं, रोलरखाली बुडबुडे येतात, आणि पहिल्यांदा करताना सगळं बिघडलं असं वाटतं. थर सारखा करून रोलर उचलायचा आणि मागे फिरायचं नाही. बुडबुडे आपोआप बसतात. अर्धवट सुकलेल्यावर पुन्हा रोलर फिरवलात तर मात्र खरंच बिघडतं. अट एकच, शाई पिगमेंटची हवी. डाय शाई पाण्याने पसरते. कॉटन पेपरवर रोलर चालत नाही, कागद फुगतो आणि त्याची लव उचलली जाते. पाण्याचं वार्निश गनने फवारलं तर पेपरवरही जमतं, पण त्याचं धुकं फुप्फुसात जाऊ द्यायचं नाही. तिथे कणांचा चांगला मास्क आणि हवेची वाट या दोन्ही गोष्टी लागतातच.

मास्कबद्दल तुम्ही खास विचारलं आहे. एन-95 फक्त कण अडवतो, बाष्प त्यातून सरळ आत येतं. सॉल्व्हंटच्या कॅनला सेंद्रिय बाष्पाचं कार्ट्रिज आणि त्याच्यापुढे कणांचा फिल्टर, असा जोड लागतो. अमेरिकी पद्धतीत या कार्ट्रिजवर काळा पट्टा असतो, युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टा आणि ए हे अक्षर. यात एक खाच आहे. 65 अंश सेल्सिअसच्या खाली उकळणारे पदार्थ साध्या ए कार्ट्रिजमधून लवकर पार होतात, आणि अॅसिटोन 56 अंशांनाच उकळतं. त्यासाठी एएक्स नावाचा वेगळा प्रकार असतो, तो एकदा वापरून टाकायचा. दाढी असेल तर मास्क बसतच नाही, मग तो कितीही भारी असो. लावल्यावर कार्ट्रिज तळव्यांनी झाकून श्वास आत ओढा, मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला पाहिजे. काम संपलं की कार्ट्रिज हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर ते कपाटात पडल्या पडल्या हवेतलं शोषत संपतं. वास येईपर्यंत तेच वापरत राहायचं, हा हिशोब चुकीचा आहे, कारण नाक वासाला सरावतं. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा लावा. हातमोजे नायट्रिलचे चालतील, पण अॅसिटोन त्यांच्यातून लवकर झिरपतं, भिजले की लगेच बदला.

फवारण्याचं तंत्र तुमच्या कॅनवर लिहिलेलं असेल, त्यात फार न शिरता एवढंच सांगतो: छापल्यावर प्रिंट निदान 24 तास सुकू द्या. फवारा 20 ते 30 सेंटीमीटरवरून, प्रिंटच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. एका जाड थराऐवजी तीन पातळ द्या आणि प्रत्येक थराला प्रिंटची दिशा काटकोनात फिरवा. थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ खोक्याशेजारी उभं राहायचं काही कारण नाही, वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब जाऊन बसा.

आता राहिली सुकवायची जागा. हाताला कोरडा लागणारा प्रिंट आतून सॉल्व्हंट सोडतच असतो. गच्चीवर इतकी काळजी घेऊन प्रिंट लगेच झोपायच्या खोलीत भिंतीला टेकवले, तर बाष्प घरात आणलंच. निदान दोन-तीन तास ते बाहेरच, खोक्याचं तोंड सैलसर झाकून ठेवा. मग न वापरत्या, उघड्या खिडकीच्या खोलीत हलवा. नाक जवळ नेऊन वास पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत एकावर एक रचू नका आणि फ्रेममध्ये बंद करू नका. कॅन उलटा धरून नोझल साफ करतात ते काम सुद्धा गच्चीवरच उरका. उरलेला कॅन स्वयंपाकघरात किंवा गाडीत ठेवू नका, आणि रिकामा वाटला तरी त्याला भोक पाडू नका.

तुमच्या बाबतीत मी कॅनव्हास रोलरने घरीच करेन आणि पेपरचे प्रिंट साठवून एखाद्या फर्निचरवाल्याच्या बूथमध्ये एकदम उरकेन. बूथ मिळाला नाही तर गच्ची आणि खोका. फक्त रोलरला हात घालण्याआधी तुमच्या प्रिंटरची शाई पिगमेंटची आहे का ते बघा. खात्री नसेल तर टाकाऊ प्रिंटवर पाण्याचा थेंब ठेवून मिनिटभराने बोटाने पुसा. रंग पसरला, तर कॅनव्हाससुद्धा बूथच्या गठ्ठ्यातच टाका.